जबडा, माशाचं तेल आणि मधले आठवडे

जबड्याच्या सांध्याचं दुखणं घेऊन माझ्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेला असतो. कानात थेंब घालून झालेले असतात, मळ काढून झालेला असतो आणि ‘कानात काही दोष नाही’ असं ऐकून तो आणखीच धास्तावलेला असतो, कारण दुखतंय तर तिथंच. खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक कानाच्या छिद्राच्या अगदी पुढ्यात, कवटीच्या खाचेत बसतं. दोन्हींच्या मधे एक लहानशी चिवट चकती असते. मी पेशंटला दोन्ही कानांत करंगळ्या घालून तोंड उघडायला-मिटायला सांगते. सांधा बोटाला हलताना कळला की चेहऱ्यावरचा ताण जरा उतरतो. नेमकं कुठे दुखतंय ते त्याचं त्यालाच सापडलेलं असतं.

रत्नागिरीत दवाखाना चालवताना किडलेल्या दाढा, मुळांवरचे उपचार, कवळ्या हे रोजचं काम. जबड्याच्या सांध्याचे पेशंट त्या मानानं कमी, पण वेळ सगळ्यात जास्त त्यांनाच लागतो. एक्स-रेमध्ये बहुतेकदा काही दिसत नाही. दुखणं मात्र खरं असतं. माणूस जेवताना रडतो. अशा पेशंटांच्या पिशवीतून गेल्या काही वर्षांत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल निघायला लागल्या. कुणी औषधाच्या दुकानातून घेतलेल्या, कुणाच्या आखातात असलेल्या मुलानं सुट्टीवर येताना आणलेल्या. मोठी पारदर्शक बाटली, आत मधाच्या रंगाच्या टपोऱ्या कॅप्सूल. प्रश्न एकच: ‘मॅडम, सांध्याला वंगण मिळतं म्हणतात, घेऊ का?’

आमच्याकडच्या वयस्कर मंडळींना तेल नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून येणारं कॉड लिव्हर ऑइल अडलं, तेव्हा आपल्याकडे मुशीच्या कलेजापासून तेल काढण्यानं जोर धरला. ते चमच्यानं पाजलेलं आठवणारे आजोबा मी पाहिले आहेत. पण कलेजाचं तेल आणि माशाच्या अंगाचं तेल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कलेजाच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं. अ जीवनसत्त्व गरोदरपणात जास्त झालं तर बाळाला अपाय करतं. म्हणून बाटली हातात घेऊन मागचं बारीक छापलेलं वाचणं हा माझ्या तपासणीचाच भाग झाला आहे.

या विषयात मला खोलात शिरायला लावलं ते एका शिक्षकांनी. वय पन्नाशीच्या आसपास, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पंढरीची वारी. फेब्रुवारीपासून डाव्या कानशिलात ठणका, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला, भाकरीचा घास चावताना कळ. शहरातल्या एका नातेवाइकानं त्यांना कॅप्सूलची बाटली दिली होती, पण त्यांनी ती फोडली नव्हती. ती टेबलावर ठेवून ते म्हणाले, ‘औषध म्हणून घेतलं तर दोष नाही असं घरचे म्हणतात. पण उपयोग होणार असेल तरच मी घेईन. तुम्ही स्पष्ट सांगा.’

मासे खाणाऱ्या पेशंटला ‘घेतलंत तरी चालेल’ असं म्हणणं सोपं असतं; फार तर पैसे जातात. इथं समोरचा माणूस आयुष्यभर पाळलेला नेम मोडायचा की नाही हे माझ्या उत्तरावर ठरवणार होता. कॅप्सूलचं कवचसुद्धा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचं असतं, हे मला त्यांना सांगावं लागलं. मग तेलाचं मोल किती, ते नेमकेपणानं सांगणं माझं काम होतं. मी त्यांच्याकडून थोडे दिवस मागून घेतले आणि वाचायला बसले.

तेलामागचा विचार पोकळ नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग हे डेन्मार्कचे संशोधक ग्रीनलंडमधल्या इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने घेऊन आले. सील आणि मासे खाऊन राहणाऱ्या त्या लोकांच्या रक्तातली चरबी निराळी होती, आणि तिथून ईपीए आणि डीएचए या ओमेगा-3 आम्लांकडे जगाचं लक्ष गेलं. आपल्या पेशींच्या आवरणात अ‍ॅराकिडॉनिक आम्ल असतं. सांधा सुजतो तेव्हा त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि ती सूज आणि कळ वाढवतात. आयब्युप्रोफेनसारखी गोळी त्याच वाटेत आडवी येते. ईपीए आणि डीएचए आवरणात शिरून त्या आम्लाची जागा घेतात, त्यामुळे पुढची द्रव्यं कमी आणि सौम्य बनतात. वंगणाचा यात काही संबंध नाही. तेल सांध्यात जाऊन साचत नाही. आणि आवरणातली ही अदलाबदल व्हायला आठवडे लागतात.

मात्रेचा हिशोब मी पेशंटसमोर कागदावर मांडते, कारण बाटलीवरचा मोठा आकडा फसवा असतो. ‘1000 मिलिग्रॅम’ हे तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये त्यातलं ईपीए 180 आणि डीएचए 120, मिळून 300 मिलिग्रॅम. संधिवातात, म्हणजे ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, ज्या चाचण्यांत सांध्यांचा ठणका आणि सकाळचा ताठरपणा कमी झाला, त्यांत रोज सुमारे 2.7 ग्रॅम ईपीए-डीएचए दिलं होतं, तेही निदान तीन महिने. म्हणजे साध्या कॅप्सूल रोज नऊ. माझ्याकडे येणारा पेशंट रोज एक घेत असतो आणि पंधरा दिवसांत फरक पडला म्हणून सांगत असतो. फरक पडलेला असतो हे मी नाकारत नाही. पण तो त्या एका कॅप्सूलनं पाडला, हे गणितात बसत नाही.

मग कशानं पडला? या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर तेलाबद्दल नाहीच, ते दातांबद्दल आहे. 1934 साली सेंट लुईसमधल्या जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी या दुखण्याचा दोष पडलेल्या दाढांवर आणि बिघडलेल्या चाव्यावर ठेवला. पुढे कितीतरी वर्षं दंतवैद्य चांगले दात घासून चावा ‘जुळवून’ देत राहिले. 1976 मध्ये शिकागोतल्या गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांनी अशा 25 पेशंटांचे दात घासल्याचा नुसता देखावा केला, चावा बदलेल असं काहीही केलं नाही. त्यातल्या 16 जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेलं. ही आकडेवारी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. कुणीतरी मन लावून ऐकलं, तपासलं, काहीतरी केलं आणि मधे काही आठवडे गेले, एवढ्यावर तिघांतले जवळजवळ दोघे बरे झाले. त्या पेशंटांना दुखतच नव्हतं असा याचा अर्थ कुणी काढू नये. जबड्याच्या स्नायूंचं दुखणं चढतं आणि उतरतं. माणूस उपचाराला येतो तो चढाच्या टोकावर. पुढच्या उतारावर त्याच्या हातात जे असेल, त्याला श्रेय मिळतं.

तेलाच्या बाजूनं सांगितल्या जाणाऱ्या कामाकडेही मग मी याच नजरेनं पाहिलं. 2006 मध्ये पिट्सबर्गच्या जोसेफ मरून आणि जेफ्री बोस्ट यांनी मान-पाठदुखीच्या 250 पेशंटांना माशाचं तेल सुचवलं. सरासरी 75 दिवसांनंतर उत्तर पाठवलं ते 125 जणांनी, आणि त्यातल्या 59 टक्के लोकांनी दुखण्याच्या गोळ्या सोडल्याचं कळवलं. आकडा मोठा वाटतो. पण निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही, आणि तेल न घेणारा गट तुलनेला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या 2016 च्या एका चाचणीत गुडघ्याच्या झिजेच्या पेशंटांना दोन वर्षं भरपूर किंवा अगदी थोडं तेल दिलं. दोन वर्षांनी थोडं तेल घेणाऱ्यांचंच दुखणं जास्त उतरलेलं निघालं. तेलच गुण देत असतं, तर उलटं व्हायला हवं होतं. 2024 मध्ये क्रिल या झिंग्यासारख्या जिवाच्या तेलावरची चाचणी आली. 262 जण, 24 आठवडे, आणि गुडघेदुखीत क्रिलचं तेल नसलेल्या दिखाऊ कॅप्सूलपेक्षा काही जास्त नाही. ही कामं गुडघ्यांची आणि पाठींची आहेत, जबड्याला ती जशीच्या तशी लावता येणार नाहीत. पण शिक्षकांना उत्तर देण्यापुरतं मला पुरेसं कळलं होतं.

मी त्यांना सांगितलं, तुमच्या सांध्याला सूज नाही. दुखतोय तो गालाचा आणि कानशिलाचा स्नायू, कारण तुम्ही दात आवळून धरता. दिवसभर मूठ आवळून ठेवली तर हात दुखणारच. परीक्षेचे दिवस, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मान खाली. तासन्‌तास दातावर दात. या दुखण्यासाठी नेम मोडावा असं माशाच्या तेलात मला काही दिसलं नाही. त्यांनी बाटली उचलून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, ‘मग करायचं काय ते सांगा.’

करायचं ते कंटाळवाणं असतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही जबड्याची विश्रांतीची ठेवण. दिवसातून जितक्या वेळा आठवेल तितक्या वेळा तपासायची. घरातल्या घड्याळावर, फळ्याच्या कोपऱ्यावर, मोबाइलवर टिकली लावायची. टिकली दिसली की दात सोडायचे. गालावर ओल्या कापडाचा शेक. भाकरी आमटीत कुस्करून, ऊस आणि चकली काही दिवस बंद, आंबा चोखण्याऐवजी फोडी करून. जांभई येताना हनुवटीखाली हात. जीभ टाळूला टेकवून हळू तोंड उघडायचा व्यायाम, आरशासमोर, जबडा एका बाजूला न सरकू देता. आणि झोप. 2023 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी जी मार्गदर्शक सूत्रं आली, त्यांत पुढे ठेवलेल्या गोष्टी याच जातीच्या आहेत: व्यायाम, हातानं केलेले उपचार, विचार आणि ताण हाताळायला शिकवणं, नीट समजावून सांगणं. रात्री दातांवर घालायच्या प्लेटबद्दल त्यांनी हात आखडता घेतला आहे. मीही ती आता दात झिजत असतील तेव्हाच देते.

मे महिन्यात शिक्षकांचं दुखणं उतरलं. व्यायाम त्यांनी मनापासून केले होते, आणि निकाल लावून झाले होते, शाळेला सुट्टीही लागली होती. यातलं कशानं किती उतरलं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्यांनी तेल घेतलं असतं, तर पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा तेलच शोधलं असतं, हे मात्र नक्की. पुढच्या वर्षी परीक्षा जवळ आल्यावर त्यांनी आपणहून टिकल्या लावल्या.

आता मिरकरवाड्याची गोष्ट. बंदरावर मासे विकणाऱ्या एका मावशींचा जबडा इतका दुखायचा की गिऱ्हाइकाला हाक मारताना हात गालावर जायचा. त्यांच्या सुनेनं विचारलं, यांना तेलाच्या गोळ्या आणू का? मावशींच्या ताटात बांगडा, तारली, पेडवे वर्षभर. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की सुकं. पावसाळ्यानंतरची तारली इतकी तेलकट असते की तव्यावर आपल्याच तेलात शिजते. या बाईला ओमेगा-3 कमी पडत असण्याचं कारणच नव्हतं. गालात हात घालून पाहिलं तर चावण्याचा स्नायू एका बाजूला दगडासारखा, आणि दाढेशेजारी सुपारीचं खांड. सकाळपासून सुपारी. मावशी म्हणाल्या, ‘तोंडात काय नसलं तर उभं राहवत नाही गो.’ दिवसभर उन्हात उभं राहून सौदा करणाऱ्या बाईला ‘सोडा’ एवढं सांगून भागत नाही. सुपारीची बाजू बदलायची नाही, वेळ कमी करायचा, असं करत करत महिने गेले. पूर्ण सुटली नाही, पण जबडा सुटला.

सुपारीवरून एक गोष्ट कळकळीनं सांगते, कारण ती तेलाच्या भोळ्या आशेचा सगळ्यात वाईट परिणाम आहे. एका विशीतल्या मुलाचं तोंड कमी उघडायला लागलं. घरच्यांना वाटलं सांधा धरला. त्याला काही महिने तेलाच्या कॅप्सूल चालू होत्या. माझ्यासमोर त्यानं तोंड उघडलं तेव्हा त्याची स्वतःची दोनच बोटं उभी मावली. तीन मावायला हवीत, माणसाचं तोंड सर्वसाधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त उघडतं. सांधा दाबून पाहिला तर दुखत नव्हता. गाल मात्र आतून पांढुरके, आणि बोट फिरवलं की उभ्या दोऱ्या लागत होत्या. हा सांधा नव्हता. सुपारी-गुटख्यानं गालाच्या आतलं अस्तर घट्ट होत जाणारा सबम्युकस फायब्रोसिस होता, ज्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि पुड्या तरी मिळतातच. त्या मुलाचे महिने वाया गेले. तेलानं त्याला थेट अपाय केला नाही. ‘काहीतरी चालू आहे’ या समाधानानं केला. तसंच, घाटी चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो असं कुणी सांगितलं, तर मी दातांना हातही न लावता फिजिशियनकडे पाठवते. हृदयाचं दुखणं कधी कधी जबड्यात येतं.

म्हणून केसपेपरवर मी एक ओळ वाढवली आहे: कॅप्सूल, तेलं, काढे, काय काय घेता? गोळ्या विचारल्या तर लोक बीपी-शुगरच्याच सांगतात. तेलाला कुणी औषध समजत नाही. दाढ काढायच्या आधी, विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर, मला ते माहीत असायला हवं. आणि रोज एक ग्रॅमच्या वर ओमेगा-3 घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे, तेव्हा ‘नैसर्गिक आहे, कितीही घ्या’ हे मी कुणालाच म्हणत नाही.

तेलाला खरी जागा असलेली एक पेशंट सध्या माझ्याकडे आहे. नुकतं लग्न झालेली मुलगी. पुढच्या दातांनी चपातीचा तुकडा तुटत नाही, ही तिची तक्रार. दाढा एकमेकींना लागत होत्या आणि पुढच्या दातांत फट पडली होती. वर्षभरापूर्वीच्या लग्नाच्या फोटोत ती फट नव्हती. दोन्ही सांधे दाबल्यावर दुखत होते. मी तिचे हात बघायला मागितले. बोटांची पेरं सुजलेली, सकाळी तासभर मूठ वळत नाही म्हणाली, बाळंतपण झालं नाही तरी सासूबाई वाताचं म्हणून शेक देतात. हा स्नायूंचा ठणका नव्हता. संधिवात जबड्याच्या हाडाचं टोक खात होता, त्यामुळे जबडा मागे फिरून पुढची फट उघडली होती. तिला कोल्हापूरला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं, तिथं मेथोट्रेक्सेट सुरू झालं. त्यांनीच तिला पूर्ण मात्रेत माशाचं तेलही लिहून दिलं, जेवणासोबत, सकाळ-संध्याकाळ वाटून.

मेथोट्रेक्सेटला गुण द्यायला दीडेक ते तीन महिने लागतात. तेलालाही तेवढेच. हे मधले आठवडे तिच्यासाठी कठीण गेले. त्यात एकदा ती दवाखान्यात येऊन बसली आणि म्हणाली, त्या गोळीनं मळमळतं, बाळाचाही विचार आहे, गोळी सोडून नुसतं तेल घेतलं तर? मी तिला सरळ सांगितलं की तेल ठणका थोडा हलका करेल, हाड खाणं थांबवायचं काम त्याच्या भरवशावर टाकता येणार नाही. बाळाचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता, कारण मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहू द्यायचा नसतो. तो तिनं आणि तिच्या नवऱ्यानं तज्ज्ञांसमोर मांडला, आणि औषध केव्हा बदलायचं याचं वेळापत्रक त्यांनी आखून दिलं. मळमळीसाठी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि मेथोट्रेक्सेट रात्री जेवणानंतर, एवढ्यानं निभावलं.

आता तिचं तोंड पूर्वीपेक्षा जास्त उघडतं, दर भेटीला मी पट्टी लावून मोजते आणि आकडा तिच्याच वहीत लिहिते. सकाळची मूठ वळायला लागली आहे. पुढच्या दातांतली फट तशीच आहे. ती तारा लावून मिटवायची की शस्त्रक्रिया करायची, हे संधिवात निदान वर्षभर शांत राहिल्याशिवाय ठरवू नये असं तिच्या तज्ज्ञांचं आणि माझं मत आहे. तोवर ती चपाती तोडून, दाढेखाली घालून जेवते.